आईच्या रक्तातली साखर

नवरीच्या मामानं माझ्या आईची पिशवी मांडवात उलटी केली.

मी तिथंच होते. चौथीत होते. उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून आईनं मला कामावर बरोबर नेलं होतं. कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात ती भांडी घासायची. नवरीची अंगठी सापडत नव्हती. भांड्यांना पाच बायका होत्या. मामानं प्रत्येकीला विचारलं, राहतीस कुठं? आईनं आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. बाकी चौघींच्या पिशव्यांना त्यानं हातसुद्धा लावला नाही.

पिशवीतून एक साडी पडली, माझी फणी पडली, आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या तीन जिलब्या पडल्या. त्या आचाऱ्यानं माझ्यासाठी दिल्या होत्या. तो चुलीपाशीच उभा होता. काही बोलला नाही.

"अंगठी न्हाई, पर जिलबी घावली की," मामा म्हणाला.

मांडव हसला. जेवून हात धुणारी माणसंसुद्धा हसली. आई खाली बसून तुकडे वेचत राहिली.

अंगठी संध्याकाळी नवरीच्याच पावडरच्या डब्यात सापडली. मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी आईला हे हसत हसत सांगितलं. माफी कुणी मागितली नाही. आई कामावर जात राहिली. न जाऊन काय करणार? पण त्या दिवसापासून ती रोज घरी निघताना आपली पिशवी आपणच उघडून मॅनेजरला दाखवायची. त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आठ-नऊ वर्षं दाखवली.

तिची झोप गेली. मागून कुणी "ए बाई" म्हटलं की मानेला घाम फुटायचा. छातीत धडधडायचं. आणि गोड तिनं कायमचं सोडलं. चौदा एप्रिलला वस्तीत पेढे वाटायचे, तिच्या वाटचा पेढाही ती माझ्या हातावर ठेवायची.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आई फार थकायला लागली. सारखी तहान, पायाला मुंग्या. दवाखान्यात नेलं. साखर खूप वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? आईनं सांगितलं.

"लग्नाच्या हॉलमध्ये? मग काय, रोजच जिलबी! जरा तोंड आवरा."

आई म्हणाली, "व्हय सायेब."

मीही गप्प बसले. मला हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी मी, आणि डॉक्टरांच्या टेबलापुढं माझी जीभ उचलली नाही.

त्याच महिन्यात वर्गात मॅडमनी शिकवलं, की धोका दिसला की यकृत रक्तात साखर सोडतं. पळता यावं म्हणून, नाहीतर लढता यावं म्हणून. मी वहीत लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. आई पळाली नव्हती. लढली नव्हती. रोज पिशवी उघडून उभी राहिली होती. तास संपल्यावर मी मॅडमना भीत भीत विचारलं, भीती वर्षानुवर्षं राहिली तर? त्या म्हणाल्या, तेवढं एकच कारण नसतं, पण झोप जाते, रक्तदाब वाढतो, साखरेवरही परिणाम होतो. शरीर विसरत नाही.

मी डॉक्टर नाही. छातीठोक काही सांगू शकत नाही. आजीला साखर होती का, तेही माहीत नाही. तिचं रक्त कधी कुणी तपासलंच नाही. पण जिलबीनं नाही, एवढं मला माहीत होतं.

आईनं मात्र डॉक्टरांचं खरं मानलं. तिनं तोंड आवरलं. मी कॉलेजला गेले की ती जेवतच नव्हती, हे मला कळलंच नाही. साखर उतरवायची गोळी मात्र नेमानं घेत होती. आठव्या दिवशी नळापाशी पडली. अंग घामानं भिजलेलं, बोलता येईना. शेजारच्या काकूंच्या घरात हा आजार होता, साखर फार उतरलीय हे त्यांना कळलं. त्यांनी साखरपाणी पाजलं म्हणून ती वाचली.

परत दवाखाना. डॉक्टर चिडले. गोळी घेऊन उपाशी राहायला कुणी सांगितलं?

आई अगदी साधेपणानं म्हणाली, "तुमीच म्हणालासा की, त्वांड आवरा म्हणून."

मग मी बोलले. पिशवीचं सांगितलं, हसलेल्या मांडवाचं सांगितलं. आई माझी ओढणी ओढत होती, गप बस की, म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, बाहेर रांग आहे.

"असू दे सर. माझ्या आईनं नऊ वर्षांत गोड खाल्लेलं नाही. हे कागदावर लिहा. मग उठते."

त्यांनी गोळी कमी केली. जेवण वेळेवर, असं लिहिलं. मी उठले नाही. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली: गोड खात नाही, झोप नाही, बरीच वर्षे. मी ती वाचली आणि उठले.

आता वस्तीतली कुठलीही बाई दवाखान्यात निघाली की मी बरोबर जाते. गोळी कशाची, जेवणाआधी की नंतर, सगळं विचारते. आधी तिच्यावर काय गुदरलंय, तेही डॉक्टरांना ऐकायला लावते. तोंड वाकडं करतात. करू देत.

आई अजूनही कधी कधी म्हणते, माझंच चुकलं असंल काहीतरी. तिच्या आजाराला तिची चूक मी कुणाला म्हणू देणार नाही. आईलाही नाही.