गिरगाव ते परळ, व्हाया पपनस

गिरगावातून परळ म्हणजे बसचा एवढासा प्रवास. पण उपाशीपोटी केला की काशीयात्रा वाटतो. काही वर्षांपूर्वी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला आपली एक किडनी दिली. शरीराने ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी मी रोज गोळ्या घेतो आणि अधूनमधून परळच्या हॉस्पिटलात रक्त देऊन येतो.

या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"कोलेस्ट्रॉल वाढलंय. थोडा दोष या गोळ्यांचा."

"आणि बाकीचा?"

"बटाटेवड्यांचा."

त्यांनी कोलेस्ट्रॉलची एक गोळी सुरू केली, तळण बंद केलं आणि बजावलं, "नवीन काही खायचं झालं तर आधी विचारा." मी ऐकलं, म्हणजे कानांनी.

तिथून मुद्दाम लालबागच्या चिवडा गल्लीतून चालत गेलो. कढया तापल्या होत्या. एका दुकानदाराने चमचा पुढे केला, "काका, गरम आहे, चव तर बघा!" मी हात जोडले. इतका संयम मी कुठल्या पंगतीतही दाखवला नव्हता. मग पराक्रमाला बक्षीस नको? दादरची बस पकडली.

गणपतीचे दिवस. मंडईत पपनसांचा (नारळाएवढं, मोसंब्याच्या कुळातलं फळ) ढीग होता. आम्ही मूळचे मालवणकडचे. माटवीला (गणपतीवर फळं टांगायची चौकट) पपनस नसेल तर आमचा देव रुसतो. शिवाय तेलाचा थेंब नाही! फळवाली सोलून द्यायला निघाली.

"नको मावशी, बाहेरचं कापलेलं मला चालत नाही," मी ऐटीत म्हणालो.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून, हात धुऊन स्वतः सोललं. अर्धं संपवलं आणि शाबासकी मिळवायला हॉस्पिटलातल्या सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, चिवडा सोडला, पपनस खाल्लं!"

"किती?"

"अर्धंच."

"अहो काका! पपनसाने तुमच्या गोळ्यांचं औषध रक्तात वाढतं. किडनीला त्रास होईल. उरलेलं ठेवून द्या. गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका. उद्या सकाळची गोळी न घेता रक्त द्यायला या, गोळी बरोबर आणा."

घरी येऊन सगळं सांगितलं. सुनंदा म्हणाली, "माझी होती ती. सांभाळायला दिली होती, प्रयोग करायला नाही." मग बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी ती परळला बरोबर आली. बसमध्ये शेजारी बसली, पण बघत राहिली खिडकीबाहेर. संध्याकाळी रिपोर्ट मिळाला: औषधाची पातळी जराशी वर, किडनी ठीक. थोड्या दिवसांनी पुन्हा तपासणी, आणि पपनस कायमचं बंद. मी हुश्श केलं. सुनंदाने केलं नाही.

चाळीच्या जिन्यात शेजारचे पाटकर वाटी घेऊन उभे. "अर्जुनसालीचा काढा! कोलेस्ट्रॉलवर रामबाण. घे रे, बिनधास्त." पाटकरांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. वाटी घेतली, कठड्यावर ठेवली आणि फोन काढला.

"सिस्टर, काढा चालेल?"

"अजिबात नाही."

वाटी परत केली. पाटकर रुसले.

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी एका फोनएवढाच झालो. सुनंदाने कुलूप काढलं, आत गेली आणि कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली,

"हातपाय धुवा. भाकऱ्या टाकते. त्या खायला फोन करायला नको."