भातावरचे लाल थेंब

मुलांनो, परवा तुम्ही बाथरूमच्या फरशीवरच्या गुलाबी डागाचा फोटो पाठवून "आजी, हे काय?" असं विचारलंत. उत्तर मला माहीत आहे. ते कसं कळलं हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकात आम्ही धारवाडला मळमड्डीत राहत होतो. माझी धाकटी जाऊ नुकतीच लग्न होऊन आली होती. श्रावणात तिने रांधून ठेवलेल्या भातावर दोनदा रक्तासारखे लाल थेंब दिसले. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हातातच काहीतरी आहे. गौरी यायच्या आत हिला माहेरी पाठवायची." घरातली पत्रं मी लिहीत असे. 'मुलीला घेऊन जा' हे तिच्या वडिलांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. जाऊ दारात उभी राहून माझ्या पेनाकडे बघत होती. मी मायना लिहिला आणि "शाई संपली" म्हणून उठले.

विद्यापीठातले एक संशोधक रविवारी वाचनालयात बसत. कुणीही काहीही विचारावं. मी डब्यातून तो भात नेला.

"वा, काय सुंदर उगवलंय!" ते म्हणाले. मला हसू येईना. सगळं ऐकल्यावर ते घरीच आले.

"इंग्रजी शिकलेली सून," सासूबाई म्हणाल्या, "भातालासुद्धा परीक्षेला बसवते!"

"अव्वा," ते सासूबाईंना म्हणाले, "तुमच्या हातचा ताजा भात द्या, दोन वाट्यांत." एका वाटीला त्यांनी लाल थेंबात बुडवलेली काडी टेकवली, दुसरी तशीच ठेवली. दोन्हींवर झाकणं घातली. "हा डोळ्यांना न दिसणारा जंतू. ओल मिळाली की वाढतो, न्हाणीच्या फरशीवरही गुलाबी डाग पाडतो. त्या भातावर काय झाकलं होतं?"

कोनाड्यात सासूबाईंचं सोवळ्यातलं फडकं होतं, तेच त्या रोज भातावर घालत. त्याला आम्ही कुणी हात लावत नसू, त्यामुळे कुणी वाळवतही नसे; पावसाळाभर ते ओलंच.

तिसऱ्या दिवशी काडी लावलेली वाटी लाल झाली, दुसरी पांढरीच होती. सासूबाईंनी लाल वाटी उचलून बघितली. "माझ्या हातच्या भातालासुद्धा?" मग त्यांनी स्वतः ते फडकं उकळत्या पाण्यात टाकलं आणि जावेला म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? गौरीचं पुरण तू वाटायचंस."

ते अंतर्देशीय पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे. त्यावर पत्ता आहे, मायना आहे. पुढे काही लिहिलेलं नाही.