पाय दिले, हात नाही

मालतीबाईंनी हात मागे घेतला.

वेदीच्या कठड्याशी त्या गुडघे टेकून होत्या. तळहात पुढे केलेले, उजवा डाव्यावर, आमच्याकडे घेतात तसे. माझे यजमान, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळक, ताट घेऊन त्यांच्यापर्यंत आले. प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा त्यांनी उचलला. आणि मालतीबाईंनी हात मिटले. पदराखाली घेतले. मान खाली घालून हळू म्हणाल्या, पण पहिल्या बाकापर्यंत ऐकू आलं, "पुढे चला, पाळकसाहेब."

हे थांबले. तुकडा बोटांत तसाच. मग पुढे सरकले.

पुढे मालतीबाईंची थोरली मुलगी. तिने आईकडे बघितलं आणि तिनेही हात मिटले. तिच्यापुढे मालतीबाईंचे मिस्टर. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. फॅक्टरीत मॅनेजर, मंडळीत चिटणीस. त्यांनी नुसती मान हलवली. पंगतीत वाढप्याला नको म्हणावं तशी.

मी बाकावर बसून बघत होते. ती भाकर मी केली होती.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशीची, गुरुवारची संध्याकाळची उपासना होती ती. आमची मंडळी जुन्या इंग्रजी वळणाची. वेदी, कठडा, पाळकाचा पांढरा झगा, ठरलेल्या प्रार्थना. सिल्वासात तेव्हा फॅक्टऱ्या धडाधड उभ्या राहत होत्या. पुण्या-नाशिकहून इंजिनिअर आले, नगर-धुळ्याकडून मशीनवर काम करणारे आले, दवाखान्यात नर्सा आल्या. त्यांतल्या ख्रिस्ती लोकांनी मिळून तिथल्या आमली भागात पत्र्याचं हे चर्च बांधलं होतं. शेजारी लाकडाची वखार. करवत सुरू झाली की प्रार्थना ऐकू यायची नाही. मागे दोन खोल्या, त्यात आम्ही. हे, मी आणि आमची लहान मुलगी.

प्रभुभोजनाला पातळ, पांढऱ्या, गोल चकत्या लागतात. त्या मुंबईहून यायच्या. त्या आठवड्यात आल्याच नाहीत. हे म्हणाले, "अगं, तूच कर ना. बिनखमिराची. प्रभूने तरी कुठे मुंबईहून मागवली होती?"

हसले होते. मीही हसले. न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन कणीक मळली. मळताना स्तोत्र म्हणत होते. आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला. माझ्या हातची भाकर वेदीवर जाणार.

यांनी उपासनेत आनंदाने सांगूनही टाकलं, "आजची भाकर आमच्या घरची आहे."

तिथेच चुकलं, असं लोक नंतर म्हणाले. सांगायला नको होतं.

आणि त्याच उपासनेत, अर्धाच तास आधी काय झालं होतं? त्या दिवशी पाळक मंडळीतल्या लोकांचे पाय धुतो. येशूने शिष्यांचे धुतले म्हणून. साहेब पहिल्या खुर्चीवर बसले होते. बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली, आणि पाय पुढे केला. आरामात. माझ्या नवऱ्याने जमिनीवर गुडघे टेकून तो धुतला, टॉवेलने पुसला. साहेबांना काही वाटलं नाही. पाय धुवायला आमचे हात चालले.

पाय दिले. हात नाही दिले.

पहिल्या दोन बाकांवरच्या कुणीच भाकर घेतली नाही. एकीने घेतली नाही की दुसरीला घेणं अवघड जातं. प्याला मात्र घेतला सगळ्यांनी. त्यातला द्राक्षरस बाटलीतला होता. नंतर मागच्या बाकांवरची माणसं आली, फॅक्टरीतली. त्यांनी घेतली. सुमनताईने घेतली. ती धुळ्याकडची, तिचा नवरा यार्नच्या मशीनवर होता. तिने तुकडा घेतला आणि कपाळाला लावला.

तरी ताटात खूप उरली.

वेदीवर वाहिलेली भाकर बाहेर न्यायची नसते. टाकायची नसते. उरली तर पाळकाने तिथेच संपवायची, असा नियम. हे आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि खाऊ लागले. एकेक तुकडा. कोरडी भाकर. सगळं चर्च गप्प बसून होतं. बाहेर वखारीची करवतही बंद झालेली. यांच्या मानेची शीर हलताना मला दिसत होती. मध्येच ठसका लागला. कुणी उठलं नाही. त्यांनी प्याल्यात पाणी ओतून घोट घेतला आणि पुन्हा खायला लागले. लोकांनी नाकारलेला एकेक तुकडा माझा नवरा गिळत होता. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना एवढी भूक लागली?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

उपासना सुटल्यावर मालतीबाई ओसरीत माझ्याजवळ आल्या. नेहमीसारखा "सलाम" केला. म्हणाल्या, "पाळकीणबाई, राग मानू नका हं. घरचा स्वयंपाक वेगळा, वेदीचं वेगळं. ते पावित्र्य सगळ्यांना जमतं असं नाही."

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "तुमचं माहेर नगरकडचं ना? मूळचे कोण तुम्ही?"

मूळचे कोण. आमच्या लोकांत जात विचारायची झाली की असंच विचारतात. त्यांचे पणजोबा पुण्यातले ब्राह्मण, ते ख्रिस्ती झाले. ही गोष्ट त्या नाताळच्या फराळालासुद्धा सांगायच्या. माझा आजा मांगवाड्यातला. आजी सांगायची, बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकाने आज्याच्या कपाळाला हात लावला, आणि गावातल्या मोठ्या माणसाने त्याला हात लावण्याची ती पहिलीच वेळ. आजी हे सांगताना रडायची. मीही ते मनात धरून वाढले. तिथे, त्या कठड्याशी, आपण माणूस आहोत.

मालतीबाईंना मी म्हणाले, "ख्रिस्ती." एवढंच सुचलं. त्या हसल्या. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार. यांनी भर दुपारी क्षमेवर प्रवचन दिलं. घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, क्षमा करायची ती कशाची? त्यांनी काय केलं हे तर कुणी म्हणालंच नाही."

हे म्हणाले, "मंडळी फुटेल गं."

"आणि आपण?"

यांनी झगा खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांचीही आई दुसऱ्यांच्या अंगणातली शेणघाण काढत वाढली होती. त्यांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. म्हणून तर गप्प होते.

शनिवारी कमिटी आमच्या पुढच्या खोलीत बसली. ईस्टरची तयारी. मी चहा ठेवला होता. साहेबांचा आवाज आत येत होता. "आमलीच्या बेकरीतून पाव आणायचा. विषय संपला. पाळकीणबाई वेदीची कापडं धुवून इस्त्री करतील, पितळी समया घासतील, उपासनेनंतर चहा. नेहमीप्रमाणे."

बेकरीवाल्याला कुणी विचारलं नव्हतं, मूळचा कोण. तो पाव विकत आणला की पवित्र.

नेहमीप्रमाणे. हा शब्द माझ्या डोक्यात बसला. मी गॅस बंद केला. वेदीची कापडं धुवायला माझ्याकडेच होती. ती उचलली, बाहेर गेले आणि साहेबांच्या समोरच्या टेबलावर ठेवली. बिनइस्त्रीची. चुरगळलेली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

मी म्हणाले, "माझ्या हातची भाकर चालत नाही, तर माझ्या हातचं कापड कसं चालतं? याच हातांनी मी ते धुते. याच कापडावर तुमचा पाव ठेवणार."

मी कापडं साहेबांकडे आणखी पुढे सरकवली. मी म्हणाले, "मालतीबाईंनी विचारलं होतं मूळचे कोण. त्यांना सांगा. मांग. माझा आजा मांग, मी मांग. आता सगळ्यांना कळलं. उद्यापासून वेदीचं काम माझ्याकडे नाही."

साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. यांच्याकडे वळून म्हणाले, "पाळकसाहेब, घरात जरा सांभाळा. नाहीतर बिशपसाहेबांना कळवावं लागेल. क्वार्टर मंडळीचं आहे, हे लक्षात असू द्या."

हे म्हणाले, "अगं, आत जा."

मी आत गेले नाही. तिथेच उभी राहिले. शेवटी कमिटीवालेच उठून गेले. चहा पातेल्यात तसाच निवला.

ईस्टरच्या सकाळी वेदीवर बेकरीचा पाव होता. लोक कठड्याकडे निघाले. मी बसून राहिले. दृढीकरण होऊन प्रभुभोजन घ्यायला लागल्यापासून मी कधी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. तापात असतानाही गेले होते. त्या दिवशी गुडघे मला आपोआप उठवत होते आणि मी बाक घट्ट धरून होते. मागे वळून बघितलं तर सुमनताई बसलेली. तिच्या शेजारच्या दोघी बसलेल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी बी नाही गेले, ताई. गुरवारची गोड लागली होती."

बिशपसाहेब आले. भले गृहस्थ. मला समोर बसवून म्हणाले, "मुली, मंडळीच्या ऐक्यासाठी दोन शब्द बोल. माफीचे. मोठेपणा तुझाच होईल."

मी म्हणाले, "ऐक्य माझ्या बसण्याने नाही मोडलं. हात मागे घेतले तेव्हा मोडलं. त्यांना सांगितलंत का माफी मागायला?"

बिशपसाहेबांना ते कुणी सुचवलंच नसावं. पावसाळ्याआधी यांची बदली झाली. लांब, घाटावर.

सामान बांधायचं होतं. मी बांधलं ते फक्त यांचं. लग्नाआधी मी डी.एड. झाले होते. पाळकाच्या बायकोने नोकरी करायची नाही, मंडळीची सेवा करायची, असा रिवाज, म्हणून ते शिक्षण ट्रंकेत पडून होतं. जवळच्या खेरडी गावच्या सरकारी शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. मी अर्ज केला होता. मिळाली. सुमनताईच्या चाळीत एक खोली घेतली.

यांना सांगितलं, "तुम्ही जा. मुलगी आणि मी इथेच राहतो."

बस लागली तेव्हा यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "तू बरोबर आहेस. मला नाही जमलं."

त्या वाक्याने माझं मन भरून आलं नाही. ते वाक्य त्यांनी कमिटीपुढे म्हणायला हवं होतं. हेही मी त्यांना सांगितलं.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. नवीन पाळक दारात उभे होते, तरुण, केरळकडचे. मला बघून साहेब गडबडले. "तुम्ही? गेला नाहीत?"

मी म्हणाले, "पाळकाची बदली होते. सभासदाची होत नाही."

आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. मालतीबाईंच्या शेजारी. त्यांनी पदर सावरला, सरकल्या. मी सरकले नाही. उपासनेनंतर नव्या पाळकांना सगळ्यांसमोर सांगितलं. या वेदीवर आमलीतल्या कुठल्याही बाईच्या हातची भाकर ठेवाल, आणि या बाकावरचे सगळे ती खातील, तेव्हा मी कठड्याशी येईन. तोवर येणार नाही. पण कुठे जाणारही नाही. दर रविवारी इथे, पुढे, त्यांच्या डोळ्यांसमोर बसेन. ज्यांना प्रभुभोजन घ्यायचं आहे, त्यांनी माझे गुडघे ओलांडून जावं.