पंचावन्नापर्यंतचे कान

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही हे मला गिरणीच्या भोंग्यामुळे कळलं. म्युनिसिपालिटीने शाळेसाठी एक घर भाड्याने घेतलं होतं. पुढे चार वर्ग, मागे दोन खोल्यांत आम्ही. ह्यांचा वर्ग माझ्या स्वयंपाकघराला लागून होता आणि मधल्या भिंतीला लाकडी जाळी होती, त्यामुळे भाजी चिरता चिरता मला सगळा वर्ग दिसायचा. त्या दिवशी दुपारचा भोंगा झाला. अख्ख्या सोलापूरला ऐकू जाणारा तो आवाज. मुलं पाट्या उचलून उभी राहिली, आणि हे फळ्याकडे तोंड करून अपूर्णांक लिहीत राहिले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी समोरची विळी बाजूला केली.

मला राग आला, तो आधी ह्यांचा आला. मग त्या घराचा आला. ह्यांच्या वर्गाच्या दुसऱ्या भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या मागांचा कारखाना होता. सकाळी जो खडखडाट सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. असलं घर कोणी राहायला घेईना, म्हणून ते स्वस्त होतं, आणि स्वस्त होतं म्हणून ते शाळेला मिळालं. ज्या साहेबलोकांनी ते पसंत केलं ते तिथे पाच मिनिटंही बसले नसतील. हे मात्र मंद्रूपहून बदलून आल्यापासून त्याच खोलीत, त्या आवाजाच्या वर आवाज काढून शिकवत होते. घशाचं काही झालं नाही. गेले ते कान.

रात्री जेवताना मी म्हटलं, आता पुरे झालं, राजीनामा द्या. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी शांतपणे समजावलं, जसं ते मठ्ठ मुलाला समजावायचे. पंचावन्न पुरी होऊन निवृत्त झालं तर पेन्शन पूर्ण मिळणार. त्याआधी राजीनामा दिला तर काहीच नाही. डॉक्टरने नोकरीला नालायक ठरवलं तर काहीतरी मिळेल, पण त्यात दोन माणसं जगणार नाहीत. आम्हाला मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी आमच्याकडे बघणारं कोणी नव्हतं, ती पेन्शन सोडून. आणि तीही त्यांच्या श्वासापुरती. ते गेल्यावर मला त्यातलं काही मिळणार नव्हतं. हेसुद्धा त्यांनी त्याच शांतपणे सांगितलं. पंचावन्नला अजून चार वर्षं होती.

म्हणजे हिशेब असा, की ज्या नोकरीने माणूस बहिरा केला, त्याच नोकरीत त्याने बहिरा नसल्याचं सोंग करायचं, आणि सोंग नीट वठलं तरच म्हातारपणी भाकरी. हा नियम करणाऱ्याच्या घरी काय बायको नव्हती? मी त्या रात्री भांडी अशी आपटली की शेजारी जागे झाले असतील. ह्यांना अर्थातच पत्ता नाही.

पण शेजाऱ्यांना आधीच माहीत होतं. शेजारी एक पद्मसाळी विणकर राहायचे, गिरणीत मागाच्या खात्यात. वयाने ह्यांच्याएवढेच. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. एका रविवारी ते ओट्यावर येऊन बसले आणि ह्यांच्यासमोर हात हलवून, सावकाश ओठ हलवत म्हणाले, "मास्तर, तुमाला ऐकू येत न्हाय. लाजू नका. आमच्या खात्यात समदेच असे हायत."

मग त्यांनी आपल्या खात्यातलं बोलणं करून दाखवलं. शेकडो माग एकदम चालतात तिथे कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून गिरणीतली माणसं हाताने बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. तळवा खाली दाबला की माग थांबव. मूठ वळली की सगळं ठीक. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम येतोय, सांभाळ. आकडे बोटांवर. त्यांच्या खात्यात बहिरेपणाची कोणी दखलही घेत नसे, उलट बहिऱ्या माणसाचं डोकं दुखत नाही म्हणायचे. पेन्शन म्हणजे काय हे त्यांनी ह्यांना विचारलं. काम न करता दरमहा पैसे, असं कळल्यावर ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. गिरणीत तसलं काही नव्हतं. साहेबाच्या मनात आलं तर जाताना बक्षिसी, आणि ज्याने संपात भाग घेतला त्याला तीही नाही. ते संपात होते.

वर्गातली निम्मी मुलं विणकरांचीच. त्यांना ही भाषा घरी पाळण्यापासून येत होती. कोणी ठरवलं, कोणी शिकवलं मला माहीत नाही, पण महिन्याभरात पुढच्या रांगेतली मुलं ह्यांच्याशी हाताने बोलू लागली. कोणी बरोबर उत्तर दिलं की पुढचा मुलगा मूठ वळायचा, चुकलं की कात्री. पाढ्यात कोण कुठे अडला ते बोटांवर कळायचं. हे पूर्वीसारखेच दरडावायचे, शाबासकी द्यायचे. मी जाळीतून बघायची आणि मला हसू यायचं, मग लगेच संताप यायचा. दहा वर्षांच्या पोरांना जे कळलं ते कचेरीतल्या एकाही शहाण्याला कळू नये यासाठी ही सगळी कसरत चालली होती.

शेवटच्या वर्षी तपासणीला नवे डेप्युटी साहेब आले. कल्लेदार मिशा, हातात छडी. पहिला अर्धा तास छान गेला. भूगोल झाला, तोंडी हिशेब झाले, मुठी वळत राहिल्या. मग साहेब मुलांच्या मागून फिरत फिरत ह्यांच्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि काहीतरी विचारलं. ह्यांना कळलं नाही. पुढच्या रांगेने सावध केलं, गिरणीत करतात तसंच. एकाने मिशीवरून बोट फिरवलं, दुसऱ्याने फिरवलं, आणि बघता बघता सगळा वर्ग मिशीवरून बोटं फिरवू लागला.

साहेबांनी ते बघितलं. त्यांना वाटलं, पोरं आपल्या मिशांची नक्कल करताहेत. हे मागे वळले तोवर साहेब रागाने खिडकीकडे तोंड करून ओरडले, ह्या मुलांना आत्ताच्या आत्ता छड्या मारा. ह्यांना त्यांची पाठ दिसत होती, ओठ नाही. हे नम्रपणे उभे राहिले. साहेब दुसऱ्यांदा ओरडले. हे तसेच उभे. अखेर साहेब वळले आणि म्हणाले की असा लेचापेचा मास्तर मी पाहिला नाही. तेवढं ह्यांनी ओठांवरून वाचलं आणि मान खाली घातली. शेऱ्यात लिहिलं गेलं की शिक्षकाचा वर्गावर वचक नाही. ज्या माणसाच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने शाळा गप्प व्हायची, त्याच्याबद्दल हे लिहिलं गेलं. मी रडले. हे म्हणाले, वचक नाही म्हणून कोणाची पेन्शन कापत नाहीत. आणि खरंच, त्यांना बरं वाटत होतं.

पंचावन्न पुरी झाली. हार घातला, नारळ दिला, आम्ही त्या दोन खोल्या सोडल्या. शेजारच्या विणकरांना त्याच सुमारास गिरणीने काढलं. नजर कमी झाली होती, धागा दिसेना. बहिरा चालतो, आंधळा चालत नाही. गिरणीच्या साहेबाच्या मनात बक्षिसीचं काही आलं नाही. ते दुसऱ्याच्या मागासाठी घरी बसून सुताच्या कांड्या भरू लागले. मी कधी भाकरी-कालवण पाठवलं तर त्यांची बायको भांडं रिकामं परत करायची नाही, त्यात मूठभर शेंगा तरी घालायची.

पहिली पेन्शन घ्यायला मी ह्यांच्याबरोबर कचेरीत गेले. व्हरांड्यात म्हाताऱ्यांची गर्दी होती. गजाआड कारकून बसला होता, मान खाली, तोंडात पान, आणि तो नावं पुकारत होता. त्याचे ओठ दिसणं शक्यच नव्हतं. ह्यांचं नाव पुकारलं गेलं. मी बायकांच्या बाजूला लांब होते. पुन्हा पुकारलं. मी गर्दीतून वाट काढत येईपर्यंत कारकून उठून गजांशी आला होता, आणि कोणीतरी बोट दाखवल्यावर ह्यांच्या तोंडासमोर तोंड आणून त्याने विचारलं, "बहिरे आहात की काय?"

हे वाक्य त्यांनी पूर्ण वाचलं. मी त्यांची बाही धरली. चार वर्षं जे आम्ही भिंतींपासून लपवलं होतं ते इथे, पैसे हातात पडायच्या आधी, सरकारी माणसासमोर. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"होय," ते म्हणाले. बहिऱ्यांना आपला आवाज केवढा हे कळत नाही. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "बहिरा आहे. शाळेत झालो. चार वर्षं बहिरा असूनच शिकवलं."

मला वाटलं, आता कारकून कागद बाजूला ठेवेल, वरच्या साहेबाला बोलावेल, चौकशी लागेल. कारकुनाने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, पैसे सरकवले, आणि पिंक टाकायला वळता वळता म्हणाला,

"मग आधी सांगायचं होतं. पुढे बसवलं असतं."