तेल घातलेली कणीक

काठी नाही, कान पिळायचा नाही, आवाज चढवायचा नाही. सीवूड्सच्या त्या सोसायटीने मला शिकवायला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी हे बजावलं. मग पोरं गप्प बसणार कशी, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

मी जवळच्याच शिरवणे गावचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण गावदेवीच्या देवळात जन्मभर भजनाला पखवाज वाजवला, आणि माझ्या हातासारखा हात या पट्ट्यात नाही, हे मीच सांगतो. आता बोटं सुजतात. गावातल्या पोरांना डीजे हवा. माझ्यामागे देवळात पखवाजावर बसेल असा एक जण नाही, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीने क्लबहाउसात क्लास घ्याल का विचारलं तेव्हा हो म्हणालो. एक हात तयार झाला तरी पुष्कळ. नाहीतर त्या काचेच्या खोलीत माझं काय काम?

पहिल्या रविवारी पोरांनी पखवाजाची खोळ डोक्यावर घालून पळापळी केली. एकाने विचारलं, अंकल, हा ढोल का? दुसरा त्यावर बसायलाच निघाला. मागे खुर्च्यांवर आया मोबाईल धरून शूटिंग करतायत. मी ओरडलो, तर एक ताई म्हणाली, मुलं घाबरतात हो काका. घाबरू दे की थोडी. आम्ही काय घाबरलो नाही? मेलो का?

मग मी माझा नियम सांगितला. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, वाजवायच्या आधी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. आमच्याकडे शिकायला बसणाऱ्याने आधी ती कणीक मळायची. मळून झाल्याशिवाय पखवाजाला बोट लावायचं नाही. मळता मळता अंगातली मस्ती उतरते. मला दुसरी शिस्त येत नाही.

मागून आयांचं हसणं ऐकू आलं. आम्ही वाजवायला पाठवलंय, चपात्या करायला नाही. शेवटी सेक्रेटरीने तोड काढली, की दर रविवारी एकेका घरून मळलेली कणीक येईल, मुलांचा वेळ जायला नको. माझ्या क्लासची शिस्त त्याने ठरवली.

दुसऱ्या रविवारी, मुलं घाबरतात म्हणणाऱ्या त्याच ताईच्या घरून स्टीलच्या डब्यात कणीक आली. मऊ, गोळा असा की बघत राहावं. पुडीवर थापली, एक थाप मारली आणि गोळा सटकून पांढऱ्या फरशीवर. पोरं खिदळली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. बोट तोंडात घातलं तर मीठ. पुडीकडे बघतो तर कातड्यावर हा एवढा तेलाचा डाग. डोक्यात सणकच गेली. कुणी मळली विचारलं.

"आमच्या बाईंनी. मीच सांगितलं, तेल जरा जास्त घाला, मऊ राहील."

हे तिने कौतुकाने सांगितलं.

"ताई, ह्यो पखवाज हाय. पराठा नाय."

पोरं एवढी हसली की ताईचं तोंड लाल झालं. तेल चालत नाही हे तुम्ही सांगितलं होतं का, म्हणाली. सांगायचं काय त्यात? कातड्याला तेलाची कणीक चिकटते का कुठे? सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाला, पालकांचा अपमान झालाय, सॉरी म्हणून टाका, विषय संपेल. मी म्हटलं, सॉरी त्या पुडीला म्हणा. खोळ चढवली, आणि दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यापुढे क्लास शिरवण्याच्या देवळात. आपलं पीठ, आपले हात. पटेल त्याने यावं.

गावात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. आमचा टाळकरी, माझ्याच वयाचा, ओट्यावर बसून म्हणतो, "काय मास्तर, शाला सुटली?" त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. कोरडं पीठ चोळचोळून पुडीवरचं तेल काढत बसलो. डाग काही गेला नाही.

पुढच्या रविवारी देवळात बसलो. कोण येतंय, असं मनात होतं, पण टाळकऱ्यासमोर उठून जाणं शक्य नव्हतं. बराच उशीर झाला. मग गाडी थांबली. चार पोरं उतरली, आणि मागून तीच ताई, पिठाची पिशवी घेऊन. ती सॉरी म्हणाली नाही, मीही नाही. परात दाखवली, पाणी दाखवलं, हात घाला म्हटलं.

पोरांनी तांब्याभर पाणी एकदम ओतलं. कोपरापर्यंत चिकटा. ताईला बघवेना, ती मध्ये हात घालायला लागली. मळायचं तर नीट बसून मळा, म्हटलं. तिने बाह्या सरकवल्या आणि मांडी घालून बसली.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. पोरांनी तिच्याकडे बघितलं, तिने आपल्या हातांकडे. दहाही बोटं कणकेत. फोन वाजून वाजून थांबला. मग परात फरशीवर घासल्याचा तेवढा आवाज. क्लबहाउसात असा बारीक आवाज मला एकदाही ऐकू आला नव्हता.

गोळा झाला, बरा झाला होता. ताईने विचारलं, "आता वाजवू दे ना त्यांना?"

मला तो तेलाचा डाग दिसत होता.

"आज नाय," म्हटलं. "आज नुसती कणीक."