भाषेचा रकाना

पीएच.डी. करणाऱ्याकडे दोन गोष्टी साठतात, डेटा आणि किस्से. डेटा कायम कमी पडतो आणि किस्से इतके होतात की गाइडसमोर तोंड उघडायची भीती वाटते! माझा विषय होता, धार-देवासच्या मराठी घरांत टीव्ही-मोबाइल कुठल्या भाषेत बोलतात आणि माणसांना ते ऐकून काय वाटतं. पद्धत सोपी. वीस घरांना एकेक वही द्यायची. त्यात रकाने आखलेले: साधन, कार्यक्रम, भाषा, किती वेळ, कसं वाटलं. महिनाभर घरातल्या कुणीतरी रोज लिहायचं. गाइड मॅडमनी बजावलं होतं, "वीस म्हणजे वीस. एकोणीस आणल्यास तर चॅप्टरवर मी सही करणार नाही."

*

पहिला धक्का देवासात. वही देऊन चारच दिवस झाले होते. एका काकांकडे सहज डोकावले, तर अख्खा महिना लिहून तयार! रोज सात ते आठ, बातम्या, हिंदी, "मन विषण्ण".

"काका, अजून सव्वीस दिवस जायचेत!"

"जाऊ द्या की! अपने यहाँ रोज हेच असतं. आणि बातम्या ऐकून मन दुसरं काय होणार?"

ती वही बाद झाली. आता विसावं घर कुठून आणू? आमचे बाबा देवासातच एकटे राहतात, निवृत्त शिक्षक. मी इंदूरला. म्हणाले, "मला दे, मी लिहितो." मॅडमही चालेल म्हणाल्या. मी हुश्श केलं. बाबांच्या वहीची मला काडीचीही काळजी नव्हती.

*

धारला दादासाहेबांचं घर. त्यांचे पणजोबा संस्थानात दफ्तरदार होते आणि घरात अजूनही कागद सहीशिवाय हलत नाही. वही लिहायच्या सूनबाई. पण रोजच्या नोंदीखाली दादासाहेबांचा लाल शेरा!

"मालिका. मराठी. अर्धा तास. सुनेचं बरोबर होतं."

खाली लाल शाईत: "असहमत."

दुसऱ्या दिवशी: "सासू हरली. आनंद झाला."

खाली लाल शाईत: "भाषा संयत असावी."

मी वाचतेय आणि सूनबाई समोर बसून निवांत पोहे खातायत! शेवटच्या आठवड्यात त्यांची नोंद होती, "आज दादासाहेबही पूर्ण वेळ बसले. मध्ये उठले नाहीत." त्याखाली नुसतीच लाल सही होती.

*

धारच्याच एक काकू. अस्सल जुनी मराठी, ऐकत राहावी अशी. पण वहीत मोबाइलपुढे भाषा रोज हिंदी. मी विचारलं, "काकू, तुम्ही फोनशी मराठीत का नाही बोलत? त्याला येते."

"तो बाहेरचा ना गं! त्याच्याशी हिंदीतच बोलावं." मग फोनला म्हणाल्या, "भैया, कल का मौसम बताओ." फोनने भलत्याच गावाचं हवामान सांगितलं. काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मेल्याला डोकं म्हणून नाही!"

"अहो, मग त्यालाच सांगा की!"

"नको, वाईट वाटेल त्याला," असं म्हणून काकूंनी फोन पदराने पुसून जागेवर ठेवला.

*

चौथा किस्सा मात्र मला खरंच चीड आणणारा. देवासात सुमीतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याची आई हाटपिपल्याला असते आणि रोज लांबलचक मराठी मेसेज पाठवते. पठ्ठ्याला मराठी बोलता येतं, वाचायला बसला की घाम फुटतो. म्हणून तो आईचे मेसेज मोबाइलकडून वाचून घेतो! मशीनमधली बाई अगदी मधाळ आवाजात म्हणाली, "तू जेवत नाहीस. तुला अक्कल कधी येणार?"

सुमीत खूश. "सुना दीदी? असली आई इतक्या प्यार से कधीच बोलत नाही!"

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? आईची भाषा मशीनकडून ऐकतोस? तुमच्यासारख्यांमुळेच ही भाषा घरातून चाललीय!" बिचारा मान खाली घालून स्क्रू शोधत राहिला. मी गाडीत बसल्या बसल्या ते वाक्य चॅप्टरसाठी डायरीत लिहूनही ठेवलं.

*

महिना संपला, एकोणीस वह्या गोळा झाल्या. विसावी घ्यायला बाबांकडे गेले. वही टेबलावरच होती. सुंदर अक्षर, एकही खाडा नाही. उभ्या उभ्या चाळायला लागले.

"साधन: फोन. कार्यक्रम: कन्या. भाषा: हिंदी. वेळ: एक मिनिट. कसं वाटलं: आवाज स्पष्ट."

पुढचं पान उलटलं.

"कार्यक्रम: कन्या, 'मीटिंग में हूँ, बाद में करती हूँ.' भाषा: हिंदी. वेळ: वीस सेकंद. कसं वाटलं: कामात आहे, चांगलं आहे."

त्याच्या पुढच्या दिवशी: "कार्यक्रम: कालचाच. पुनःप्रसारण."

महिनाभर हेच! टीव्ही नाही, बातम्या नाहीत, बाबांनी फक्त मलाच ऐकलं होतं. आणि ही वही मला मॅडमच्या हातात द्यायची होती. नाही दिली तर एकोणीस! सुमीतला झाडलेलं ते वाक्य पर्समधल्या डायरीत तसंच होतं.

शेवटच्या पानावर आजची तारीख. "कार्यक्रम: कन्या. थेट प्रक्षेपण." भाषेचा रकाना रिकामा.

स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला, "बाळ, चहा टाकू का गं?"

"हाँ बाबा, डाल दो."

आत भांड्यांचा आवाज थांबला. बाबा हात पुसत बाहेर आले आणि खिशातलं पेन काढलं.

"आण ती वही. एक रकाना भरायचा राहिलाय."