आभाळातला रोल

"माय गेली," एवढंच आत्याचा मंगेशदादा फोनवर म्हणाला, आणि मला आधी आठवला तो कॅमेरा. कमलआत्याच्या फोटोंचा रोल त्यात तसाच पडून होता, न धुतलेला... माणूस गेल्यावर रडावं, तर मी उठून कॅमेऱ्याचं झाकण कुणी उघडलं तर नाही ना, ते बघत होते.

रिसोडला आतोबांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो ते काढत, रोल मात्र आत्या धुवायची. कुणी रोल घेऊन आलं की तिचा पहिला प्रश्न, "ऊन व्हतं का आभाळ?" ढगाळ उजेडात सावल्याच पडत नाहीत, सगळं सारखं राखाडी येतं. असा रोल ती डेव्हलपरच्या रसायनात जास्त वेळ ठेवायची, म्हणजे काळं-पांढरं वेगळं होऊन चेहरे उठून दिसत. एकदा एक नवरदेव वैतागून म्हणाला, "बाई, लग्नाच्या दिवशी आभाळ कोन पाह्यते?" आत्या म्हणाली, "तुनं नसंल पाह्यलं, फिल्लमनं पाह्यलं ना!" समोरच्याची भीडभाड ठेवणं तिला माहीतच नव्हतं. मलाही तिनं हे काम बोलणी देतच शिकवलं. पुढे मोबाइल आले, स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आलं. मी मालेगावला शाळेत शिकवते, पण रोल धुण्याचा नाद काही सुटला नाही. "कायले पैसे पान्यात घालून राह्यली?" असं ती प्रत्येक भेटीत विचारायची, आणि मग तासभर त्यावरच बोलायची.

आजार बळावल्यावर भेटायला गेले, तेव्हा दिवसभर आभाळ गच्च होतं. अंगणात खुर्ची टाकून तिचे फोटो काढले आणि म्हटलं, "जास्त वेळ ठेवीन आत्या, झकास येशील."

"नोको. साऱ्या गावाचे चेहरे उजळले म्या. मले जशी हाओ तशीच येऊ दे."

आता दादाला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मांडायला फोटो हवा होता. "माय दुरून बी ठसठशीत दिसली पायजे," त्यानं बजावलं. रोल एकच, फोटो शेवटचे, आणि दोघांचं ऐकणं शक्य नव्हतं. रसायन कालवायचं, फेकायचं, असं चाललं होतं माझं. वर्गात पोरांवर उगाच ओरडत होते. शेवटी रविवारी दुपारी बसले. रोलचा डबा हलवता हलवता नेहमीची वेळ भरत आली आणि हात थांबेना. फोटो चांगला यावा म्हणून नव्हे... मी डबा हलवतेय तोवर आत आत्या अजून येतेच आहे, असं वाटत होतं. रसायन ओतलं की संपलं. स्वतःचाच राग आला, आणि वेळेवर ओतून टाकलं.

प्रिंट दादाच्या हातात दिली. "फिक्की दिसून राह्यली," तो म्हणाला. मग दारापाशी उजेडात जाऊन किती तरी वेळ पाहत राहिला. "पन डोये उघडे हाएत मायचे."

खरंच होतं. आतोबा सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं करायचे, त्यामुळे घरातल्या एकूण एक फोटोत तिनं डोळे किलकिले केलेले.

दुरून दिसत नाही म्हणून दादानं तो स्वयंपाकघरात, जेवायला बसतो तिथं, हात पुरेल इतक्या खाली लावलाय. त्या घरी गेले की माझं पान तिच्यासमोरच मांडतात. ती इतकी सरळ बघते की मला दोन घासही खाववत नाहीत.